पळसदेवची हिरवी रोपे

मे महिन्यात मी चार दिवस बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत फिरलो. परत आल्यावर अकरा पानांचा अहवाल लिहून दिला. अहवालात जे बसले नाही ते येथे लिहीत आहे. ज्यांनी हे तालुके केवळ वर्तमानपत्रांतून पाहिले आहेत त्यांना याचा उपयोग होईल की नाही, हे मला सांगता येणार नाही.

माझे वय चौऱ्याहत्तर. मी डॉक्टर नाही. उमेदीची वर्षे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात गेली आणि त्यानंतरची एका स्वयंसेवी संस्थेत. गरीब देशांतील लोकांचे आरोग्य सुधारावे म्हणून परदेशातील सज्जन निधी पाठवतात. तो खेड्यापर्यंत नेणाऱ्या अनेक संस्थांपैकी ही एक. अशा संस्थांनी काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. मीठ, साखर आणि उकळलेले पाणी यांनी जुलाबाचे मूल वाचते ही गोष्ट निरक्षर आयांच्या हातात उतरलेली मी पाहिली आहे. त्या कामात माझाही वाटा होता. म्हणूनच निवृत्तीनंतर बारा वर्षांनी विश्वस्तांनी मला बोलावले. गर्भवती स्त्रियांचे रक्त वाढवण्याचा प्रकल्प पाहून मत द्यावे, एवढेच काम होते.

बारामती

बारामतीत उतरलेल्या पुणेकराची पहिली अडचण अशी की, नावे ठेवायला काही सापडत नाही. रस्ते रुंद आहेत, दुभाजकांवरच्या झाडांना कोणी तरी खरोखर पाणी घालते. स्थानकाजवळच्या उपाहारगृहात मी बिनसाखरेचा चहा मागितला.

"साखर झालीय का तुमाला?" वाढप्याने विचारले.

"नाही."

"मग कारखान्याच्या मुलखात येऊन आमचा अपमान कशाला करताय, तात्या?"

त्याने आणला तो पाकच होता. मी तो प्यालो. पुण्यात वाढपी गिऱ्हाइकाशी इतके बोलत नाही. बोललाच तर इतके बरे बोलत नाही.

संस्थेचे कार्यालय एका नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. दारावर तोरण होते. दुरून ते चांदीचे वाटले. जवळ गेल्यावर दिसले की गोळ्यांची रिकामी पाकिटे दोऱ्यात ओवून ते केले आहे. दाराच्या चौकटीवरून ते भिंतभर पुढे गेले होते आणि पंख्याच्या वाऱ्याने खुळखुळत होते.

"दोन दिवसांनी निधी देणारे पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासाठी केलंय," प्रकल्पाचे संचालक म्हणाले. पस्तिशीचे, इस्त्रीच्या सदऱ्यातले, मनाने वाईट नसलेले गृहस्थ. "सर, तोरणाची कल्पना आमची. पण नियम तुमचा."

नियम माझाच होता. लोहाच्या गोळ्या वाटल्या तरी बायका त्या फेकून देतात, अशी पूर्वी तक्रार असे. मी लिहिले: महिन्याचे रिकामे पाकीट परत केल्याशिवाय नवे देऊ नये. तीन पाकिटे परत करणाऱ्या स्त्रीला स्टीलचा डबा द्यावा आणि तिच्या कार्डावर 'पूर्ण' असे लिहावे. पुढे आणखी एक ओळ होती. 'पूर्ण' झालेल्या स्त्रीचे रक्त पुन्हा तपासू नये. त्या तपासणीच्या पट्ट्या महाग असतात, त्या 'अपूर्ण' स्त्रियांसाठी राखाव्यात. वीस वर्षांपूर्वी हे वाक्य लिहिताना मला आपल्या काटकसरीचा अभिमान वाटला होता, हेही नोंदवतो.

"या भागात जवळपास सगळ्या पूर्ण आहेत," संचालक म्हणाले. तोरण पुन्हा खुळखुळले.

पणदरे

संस्थेची गाडी पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मला शोभा नावाच्या आरोग्यसेविकेच्या स्कूटरवर मागे बसून जावे लागले. शोभा चाळिशीची, इंदापूर तालुक्यातली. तिच्या आजोबांची मेंढरे होती. भावाचा आता टेम्पो आहे. बाईमाणसाच्या मागे स्कूटरवर बसण्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग. धरायचे काय, हा प्रश्न होता. मी स्वतःची पिशवी धरली.

"आबा, मला धरा नायतर शीट धरा. पिशवी पडली तर पिशवीबरोबर तुमीबी जाताल," ती म्हणाली.

कालव्याच्या कडेला पाणी फुटून चिखल झाला होता. तेथे आम्ही घसरलो. कोणाला लागले नाही. माझी उजवी चप्पल मात्र कालव्यात पडली आणि आमच्या देखत पुढच्या गावाकडे वाहत गेली. बांधावरच्या एका शेतकऱ्याने आपल्या निळ्या रबरी चपला काढून दिल्या. परत कशा करू, असे विचारल्यावर तो म्हणाला, "करू नका. तुमची एक आलीच तर ती मी घालीन." उरलेला सर्व प्रवास मी त्या निळ्या चपलांत केला.

पणदऱ्यात सकाळी दूध संकलन केंद्रावर रांग होती. बायका आणि पुरुष किटल्या घेऊन उभे. प्रत्येकाच्या दुधाचा थेंब यंत्रात जाई, फॅटचा आकडा उजळे आणि मगच दूध ओतून घेत. यंत्रावरच्या माणसाला मी विचारले, "ही रोजची माणसे आहेत. त्यांच्या शब्दावर का घेत नाही?"

"आबा, माझी आई समोर हाय बगा, तिसरी," त्याने बोट दाखवले. "तिचंबी मशिनीत टाकतो."

"आन कमी लागलं की घरी भाकरी देत न्हाय मी त्येला," तिसरी म्हणाली. रांग हसली.

गाईचे दूध दिवसातून दोन वेळा तपासले जाते. त्या रांगेत एक सात-आठ महिन्यांची गर्भवती होती. तिला मी शेवटची रक्ततपासणी कधी झाली ते विचारले. तिने उत्तर न देता कार्ड दाखवले. 'पूर्ण'.

दुपारी एका घरी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक मिळाले. आमच्याकडे पाहुण्याला आधी जेवलात का, असे विचारतात; येथे ताट वाढून मग नाव विचारतात. हात धुताना शोभाने विचारले, "तुमी पाकिटं बघाय आलाय, का बाया बघाय?"

मी म्हणालो, स्पष्ट बोल.

"माझा आज्जा मेंढराला औषध पाजायचा. पाजलं की जबडा धरून ठेवायचा आन गळ्याकडं बघायचा. गळा हालला की सोडायचा. बाटली रिकामी झाली का, हे त्यो बघत न्हवता. मेंढरू तोंडात धरतं आन पुढं जाऊन थुकतं." तिने हात पुसले. "मी साहेबांना म्हणलं व्हतं, पूर्णवाल्या बायांचंबी रगात बघू. नियमात न्हाय म्हणले. लेखी दिलं मला."

"मग उद्या कुठे जायचे?"

"पळसदेव. लई हिरवं हाय तितं."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

पळसदेव

मे महिन्यात उजनी धरणाचे पाणी ओसरते आणि एरवी पाण्यात असलेले जुने देऊळ उघडे पडते. आम्ही गेलो तेव्हा ते शिखरापासून पायापर्यंत कोरडे होते. दगडांवर गाळाचा थर, भोवती भेगाळलेली माती, पलीकडे जाळी वाळत घातलेली. एक कुटुंब नारळ घेऊन दर्शनाला चालले होते. शोभाने हँडल न सोडता हनुवटीनेच देवळाला नमस्कार केला.

शोभा मला घेऊन गेली ते हौसाबाईंचे घर पाण्यापासून थोड्या अंतरावर आहे. घरामागे हिरव्या जाळीखाली उसाची रोपवाटिका. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये उसाच्या कांडीचा एकेक डोळा लावून रोपे वाढवतात आणि लागणीच्या वेळी शेतकऱ्यांना विकतात. वाटेत मी अशा दोन रोपवाटिका पाहिल्या होत्या. उन्हाने आणि खारट पाण्याने तेथील रोपे पिवळी पडली होती. हौसाबाईंची रोपे गडद हिरवी होती. मी मनापासून तसे म्हणालो.

"सूनबाईची अक्कल," हौसाबाई म्हणाल्या. साठीच्या, काटक, कपाळावर मोठे कुंकू. "गीता, सांग ह्यांना."

गीतांजली ट्रे भरत बसली होती. वय बावीस, बारावीपर्यंत विज्ञान शिकलेली, सातवा महिना. ती उठली आणि खांबाला धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली. धाप ओसरल्यावर बोलली.

"केवडा पडला व्हता रोपांवर, पानं पिवळी. दुकानदार म्हणला, फेरस सल्फेट मारा. पिशवी आणली. पिशवीवरचं वाचलं तर शोभाताईंच्या गोळीच्या पाकिटावर तेच नाव. मग म्हणलं, इकत कशाला आणायचं? एक पाकीट कुटून पाण्यात भिजवायचं, गाळून पंपानं मारायचं. आठ दिवसांत हिरवं."

"एका पाकिटाने एवढी रोपे झाली?"

"वाडीतल्या समद्या देतात की. मी पाकिटं रिकामी करून ज्येची त्येला परत देते."

प्रमाण मी मनात काढून पाहिले. ते जवळपास बरोबर होते. प्रयोगशाळेत मला असा सहायक कधी मिळाला नाही.

"आणि तू काय घेतेस?"

उत्तर सासूने दिले. "तिला मळमळतंय त्यानं. खाल्लं की उलटतंय. रोपांना मळमळत न्हाय."

शोभा जमिनीकडे पाहत होती. मी हौसाबाईंना सांगितले की पाकिटे परत घेण्याचा नियम मीच लिहिला आहे.

"व्हय?" त्या म्हणाल्या. "तुमी लिव्हला, आमी पाळला. एक पाकीट चुकवलं न्हाय, तात्या. डबाबी मिळाला." तो डबा त्यांनी दाखवला. त्यात हळद होती.

गीतांजली माझ्याकडे सरळ पाहत होती. "तुमी खाल्लीय का कधी ही गोळी, आबा?"

प्रश्न साधा होता. माझे रक्त गेल्या वर्षापासून कमी आहे. डॉक्टरांनी ह्याच गोळ्या दिल्या. मी दोन दिवस घेतल्या. मळमळले. तीन पाकिटे पुण्यात माझ्या टेबलाच्या खणात पडून आहेत. कोणी ती रिकामी परत मागितली नाहीत, म्हणून ती भरलेली आहेत; तिच्यात आणि माझ्यात फरक एवढाच.

"दोन दिवस खाल्ली," मी म्हणालो.



मी शोभाला रक्त तपासायचे यंत्र काढायला सांगितले. नियमात हे बसत नव्हते. गीतांजलीचे बोट टोचले तेव्हा थेंब यायला वेळ लागला आणि आला तो पातळ, फिकट गुलाबी. यंत्राने साडेपाच दाखवले; निदान अकरा हवे. मी दुसरे बोट टोचले. पुन्हा साडेपाच. त्या आकड्याच्या बाईने बाळंत होऊ नये, हे समजायला डॉक्टर लागत नाही. बाळंतपणात सर्वांचे जेवढे रक्त जाते तेवढे जरी गेले, तरी तिच्याजवळ उरण्यासारखे काही नव्हते.

शोभाने वाडीतल्या बाकी गर्भवती बायकांना बोलावले. चौघींचे रक्त पाहिले. दोघींचे वाईट होते, पण साडेपाचइतके नाही. पाचवी समोर येऊन बसली आणि पट्ट्या संपल्या. पट्ट्या वाचाव्यात म्हणूनच मी ती ओळ लिहिली होती.

"आजच्या आज रुग्णालयात न्यायला हवी," मी म्हणालो.

"शुक्रवारी रोपं उचलाय माणसं येत्यात," हौसाबाई म्हणाल्या. त्या निर्दय नव्हत्या. त्यांच्या हातात कार्ड होते आणि त्या ते पुनःपुन्हा पाहत होत्या. "हितं पूर्ण लिव्हलंय. सरकारी शिक्का हाय."

"शिक्का संस्थेचा आहे."

"आमाला काय ठावं? शिक्का तर हाय." मग म्हणाल्या, "संतोषला इचारा. त्यो म्हणला तर न्या."

लोणी देवकर

संतोष हा गीतांजलीचा नवरा. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला आहे. आत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून आम्ही फाटकावर जाऊन उभे राहिलो. पहारेकऱ्याने माझ्या निळ्या चपला पाहून ठरवले की मी कामावर लागायला आलो आहे. "ह्या वयात घेत न्हाईत, आजोबा," तो म्हणाला आणि सावलीत जागा दिली.

जेवणाच्या सुट्टीत संतोष बाहेर आला. सडपातळ, अंगावर कारखान्याचा निळा सदरा. शोभाने सर्व सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि पहारेकऱ्याकडे ठेवलेला आपला फोन मागून घेतला. त्यात गीतांजलीच्या कार्डाचा फोटो होता.

"पूर्ण लिव्हलंय की, काका." तो माझ्यापुढे फोन धरून उभा राहिला. "ती दोन महिने सांगती, दम लागतोय, डोळ्यापुढं अंधारी येती. मी तिला ह्यो फोटो दावायचो. म्हणायचो, नाटकं करू नको, कार्ड पूर्ण हाय तुझं."

गोळ्या तिने गिळल्या नव्हत्या, तरी तिचे शरीर खरे बोलत होते. त्याला गप्प बसवण्याचे काम माझ्या एका शब्दाने केले होते. हे मी संतोषला सांगितले नाही. नियम माझा आहे, एवढेच सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले. मारले असते तर बरे झाले असते. तो आत जाऊन अर्ध्या दिवसाची सुट्टी सांगून आला.

शोभाच्या भावाच्या टेम्पोतून गीतांजलीला बारामतीच्या सरकारी रुग्णालयात नेले. रिकाम्या ट्रेंवर गोधडी टाकून ती निजली होती. हौसाबाई उशाशी बसल्या. शुक्रवारचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. रुग्णालयात आकडा पाहून डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आजपर्यंत कुणीच कसं बघितलं नाही?" हौसाबाईंनी कार्ड पुढे केले. मी ते मध्येच घेतले आणि माझ्या पिशवीत ठेवले. ते अजून माझ्याकडे आहे.

रक्त संध्याकाळी लागले. मी बाकावर बसून होतो. बाटलीतून नळीत थेंब पडताना मी हजारो वेळा पाहिले आहेत. कधी मोजले नव्हते. त्या दिवशी मोजले.

परत

पाहुणे ठरल्या दिवशी आले. तोरणाखाली त्यांचे छायाचित्र निघाले. त्यात गीतांजलीची पाकिटे होती आणि तिने रिकामी केलेली वाडीची सर्व पाकिटेही.

मी अहवालात लिहिले की चूक नियमाची आहे आणि नियम माझा आहे. 'पूर्ण' हा शब्द काढून टाकावा, पाकिटे मोजू नयेत, रक्त मोजावे. विश्वस्तांचे उत्तर आले. माझ्या प्रदीर्घ सेवेबद्दल आदर होता. नियमात सुधारणा केल्याचेही कळवले होते: यापुढे पाकीट परत करताना बाईचे छायाचित्र घ्यावे. नोंदी खोट्या केल्याबद्दल एका आरोग्यसेविकेला कामावरून कमी केल्याचे शेवटच्या परिच्छेदात होते. नाव नव्हते. मी दोन पत्रे लिहिली. दुसऱ्याला उत्तर नाही.

शोभा आता सकाळी दूध संकलन केंद्रावर काम करते. तिला मी रक्त तपासण्याचे एक यंत्र आणि पट्ट्यांचा डबा पाठवला. वाडीतली ती पाचवी बाई तिने यंत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तपासली. त्याबद्दल ती कोणाला काही कळवत नाही. कळवण्यासारखे कोणी नाही.

गीतांजलीला दिवस भरण्याआधी मुलगी झाली. मूल नऊ दिवस काचेच्या पेटीत होते. दोघी जगल्या. हे फोनवर तिनेच सांगितले. गोळ्या घेतेस का, असे मी विचारले.

"घेते. जेवल्यावर, लिंबू पिळून. आता उलटत न्हाय."

मी पुन्हा तेच विचारले. ती हसली. "इश्वास न्हाय ना? मग बोट टोचाय या. आन येताना तुमच्या गोळ्या घेऊन या."

मी गेलो. देवळाला तेव्हा पाणी लागले होते. फक्त वरचा भाग दिसत होता. रोपवाटिकेत नवे ट्रे होते आणि खांबाजवळ दुकानातून आणलेली फेरसची पिशवी. शोभा यंत्र घेऊन आली होती. गीतांजलीचा आकडा दहाच्या वर गेला होता. मग तिने माझा हात ओढून स्वतः माझे बोट टोचले. माझा आकडा तिच्यापेक्षा कमी होता.

"आबा, तुमी अपूर्ण," ती म्हणाली.

तिने तांब्या आणला. मी पाकिटातून एक गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि पाणी प्यालो. पाकीट मी तिच्यासमोर धरले होते. तिने तिकडे पाहिले नाही. मांडीवरच्या मुलीला थोपटत ती माझ्या गळ्याकडे पाहत होती.